ठाण्यातला रीफ टँक आणि उपासाने न मरणारं ब्रायोप्सिस शेवाळ

हा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या मासे-कोरलांचा टँक, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये आहे. चार फूट लांब, वीस इंच रुंद, वीस इंच उंच, खाली सम्प, म्हणजे पंप-फिल्टरची टाकी. दगड आणि वाळूची जागा वजा केली तर पाणी साधारण 300 लिटर. सर कॉलेजात शिकवतात, टँकचं पाणी आणि मोजमापं त्यांच्याकडे; खाऊपिऊ वहिनींकडे. शेवाळ हटेना म्हणून मला बोलावलं तेव्हा टँकला सव्वा वर्ष झालं होतं. आत क्लाउनफिशची जोडी, एक फॉक्सफेस, एक रॉयल ग्रामा, दोन क्लीनर श्रिम्प, काही टर्बो गोगलगाई. कोरलांमध्ये झोआ, मशरूम आणि मधोमध एक मोठं लेदर.

सगळी मऊ कोरलं. दगडी कोरल आणायचं नाही हे सरांनी पहिल्या दिवसापासून पाळलं होतं आणि त्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. सगळी स्क्लेरॅक्टिनियन, म्हणजे दगडी कोरलं आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, तरी हौशी मंडळी तिकडे सर्रास काणाडोळा करतात. यांच्या टँकमधला दगडसुद्धा समुद्रातून काढलेला नव्हता, माणसाने बनवलेला कोरडा दगड होता. पुढे काय झालं हे समजायला ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कोरड्या दगडावर शेवाळ आपोआप उगवलं नसतं, कुठून तरी ते आत आलं होतं.

आलं ते झोआच्या एका फ्रॅगबरोबर, म्हणजे लावायला दिलेल्या तुकड्याबरोबर. फ्रॅग मित्राने प्रेमाने दिलेला, तो ज्या छोट्या बैठकीवर चिकटवलेला असतो त्या प्लगच्या बुडाशी हिरवा झुबका. झोआ छान उमलले होते, म्हणून झुबक्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. चार महिन्यांत तो झुबका मागच्या दगडावर, लेदरच्या देठाभोवती आणि सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या रिटर्नच्या नळीवर पोचला.

मी जाण्याआधी झालेले उपाय

सर अभ्यासू माणूस. त्यांनी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं आणि ती वही वाचताना वाईट वाटत होतं, कारण प्रत्येक पाऊल कुठल्या ना कुठल्या पुस्तकी सल्ल्याप्रमाणे बरोबर होतं. लाइट दहा तासांवरून सहावर आणला. तीन दिवस टँक झाकून पूर्ण अंधार केला. फॉस्फेट शोषणारं जीएफओ भरपूर घातलं. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं. मॅग्नेशियम 1650 पीपीएमपर्यंत चढवलं. समुद्रात ते 1300च्या आसपास असतं. माशांचं खाणं निम्म्याच्याही खाली आणलं. आणि दर रविवारी दोघं मिळून टूथब्रशने दगड घासत होते, टँकच्या आतच.

आकडे बघाल तर टँक आदर्श. नायट्रेट 1च्या खाली. हॅनाचा मीटर फॉस्फरस 6 पीपीबी दाखवत होता, म्हणजे 3.066ने गुणलं की फॉस्फेट जेमतेम 0.018 पीपीएम. इकडे शेवाळ बोटभर लांब, गडद, तकतकीत. लेदर मात्र मिटून बसलेलं, झोआंची तोंडं बारीक झालेली, टर्बो काचेच्या कोपऱ्यात निपचित.

"दादा, फॉक्सफेसचं पोट बघा," वहिनी म्हणाल्या. मासा काचेपाशी आला होता. पोटाची बाजू आत गेलेली, डोळ्यामागे खळगा दिसत होता. शेवाळ खाणारा म्हणून आणलेला मासा शेवाळाने भरलेल्या टँकमध्ये रोडावत चालला होता.

ओळख

एक तुरा चिमट्याने काढून पांढऱ्या बशीत पाण्यात सोडला. पाण्याबाहेर काढलेलं कुठलंही शेवाळ हिरव्या लगद्यासारखंच दिसतं, म्हणून बशीत पाणी हवंच. तुरा हळूहळू पसरला. मधे एक देठ, आणि वरच्या अर्ध्या भागात दोन्ही बाजूंना बारीक बारीक फांद्या, टोकाकडे आखूड होत गेलेल्या. हुबेहूब पिसासारखा आकार. सरांकडे मुलीच्या शाळेसाठी घेतलेलं फोल्डस्कोप होतं, मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेत जन्मलेलं ते कागदी सूक्ष्मदर्शक. त्याखाली धागा बघितला तर टोकापासून बुडापर्यंत कुठेही आडवा पडदा नाही. क्लॅडोफोरा असतं तर बांबूच्या पेरांप्रमाणे पडदे दिसले असते. डर्बेसिया असतं तर पडदे नसते, पण पिसाचा आकारही नसता. हे ब्रायोप्सिस होतं.

ओळख पटल्यावर वहीतल्या बऱ्याच अपयशांचा अर्थ लागला. ब्रायोप्सिसचा अख्खा तुरा म्हणजे आतून सलग नळी असते, असंख्य केंद्रकं असलेली एकच पेशी म्हणा ना. ती कापली की बाहेर सांडलेलं जीवद्रव्य समुद्राच्या पाण्यात पुन्हा गोळा होतं, स्वतःभोवती नवा पडदा तयार करतं, आणि त्यातून नवं शेवाळ वाढू शकतं. प्रयोगशाळेत हे नीट अभ्यासलं गेलं आहे. दर रविवारी टँकमध्ये टूथब्रश चालवल्यावर काय होत असेल, आणि पाण्यात प्रवाह करणारे वेव्हमेकर ते कुठे कुठे नेत असतील, हे वेगळं सांगायला नको.

फॉक्सफेसचं कोडंही इथेच सुटतं. काही ब्रायोप्सिसमध्ये कहालालाइड नावाची विषारी रसायनं असतात, त्यामुळे मासे त्याला तोंड लावत नाहीत. हवाईतल्या एका समुद्री गोगलगाईत, एलिसिया रुफेसेन्समध्ये, कहालालाइड एफ सापडल्याचं 1993मध्ये प्रसिद्ध झालं. ती गोगलगाय ब्रायोप्सिसचा रस शोषते आणि ते विष स्वतःच्या रक्षणासाठी साठवते. 2019मध्ये कळलं की ते विष मुळात शेवाळाचंही नाही, शेवाळाच्या आत राहणारा एक जीवाणू ते बनवतो. मला हे फार विलक्षण वाटतं. आपण दिवाणखान्यात ज्याच्याशी झगडतो ते एकटं शेवाळ नसतं.

एलिसिया आणून सोडावी का, असं सरांनी विचारलं. मी नको म्हटलं. ती पंपात ओढली जाते, आणि हे शेवाळ संपलं की उपाशी मरते. एका जिवाचा उपयोग करून त्याला मरू द्यायचं, हे मला पटत नाही.

शून्याचा अर्थ आणि दोष कुणाचा

टेस्ट किट पाण्यात मोकळं फिरणारं नायट्रेट-फॉस्फेट मोजतं. शेवाळाने जे आधीच उचललं ते किटला दिसत नाही. शिवाय चुनखडीचा दगड फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की सोडतो. शेवाळ त्याच दगडावर बसलेलं, त्यामुळे पहिला घास त्याचा. कोरलाला मात्र पाण्यातून जे मिळेल त्यावर भागवावं लागतं. टँक उपाशी ठेवला की सगळ्यात आधी कोरल खंगतं, मग मासे, आणि ब्रायोप्सिस सगळ्यात शेवटी. या टँकमध्ये अगदी तेच चाललं होतं, आणि माझं मत विचाराल तर शेवाळ हटवण्याच्या नादात घरगुती रीफ टँकचं सगळ्यात मोठं नुकसान याच उपासाने होतं.

घरात मात्र दुसराच आरोपी पकडला गेला होता: स्वयंपाकघरातला आरओ. टॉप-अपचं, म्हणजे उडालेल्याच्या जागी घालायचं पाणी तिथून येत होतं. आपल्याकडच्या पिण्याच्या बऱ्याच आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. यांच्या नळाचं टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, 42 मिलिग्रॅम आलं. ठाण्याचा उकाडा, सम्पवर दोन पंखे, त्यामुळे रोज साडेचार लिटर पाणी उडायचं. पाणी उडतं, त्यात विरघळलेलं मागे राहतं. वर्षाकाठी सुमारे 69 ग्रॅम क्षार त्या एका नळातून टँकमध्ये जात होते. सरांनी हा हिशेब आधीच केला होता आणि ते हादरले होते.

पण हिशेब पुढे न्यायला हवा होता. त्या 69 ग्रॅमांत बहुतेक कॅल्शियम-मॅग्नेशियमचेच क्षार. आम्ही त्या पाण्याचं फॉस्फेट मोजलं, 0.055 पीपीएम आलं. साडेचार लिटरमधून रोज पाव मिलिग्रॅम. 300 लिटरमध्ये ती वाढ 0.0008 पीपीएम. आता खाण्याकडे बघा. कोरड्या फ्लेक्समध्ये वजनाच्या साधारण एक टक्का फॉस्फरस धरला, तर एक ग्रॅम फ्लेक्समधून सुमारे 30 मिलिग्रॅम फॉस्फेट निघतं. ते सगळं पाण्यात उतरलं तर 300 लिटरमध्ये 0.1 पीपीएम. एक ग्रॅम खाणं त्या नळापेक्षा शंभरपटींहून जास्त. माशांचं टँक म्हणजे खाणं आलं, खाणं आलं म्हणजे फॉस्फेट आलं, ते टाळता येत नाही आणि टाळूही नये. आरओच्या पुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचं भांडं बसवून घेतलं, टीडीएस शून्यावर आणलं, कारण सिलिकेटसारख्या इतर भानगडीही त्याने टळतात. पण ब्रायोप्सिस त्या नळातून आलं नव्हतं आणि त्या नळावर जगतही नव्हतं. प्लगवरून आलं होतं.

क्रम

औषधाचं नाव सरांना माहीत होतं, फ्लुकोनाझोल. त्यांना ते लगेच घालायचं होतं. मी थांबवलं. खंगलेल्या कोरलांवर आणि अर्धपोटी माशांवर औषध, त्यात सडणारं शेवाळ, म्हणजे सगळा भार एकदम. आधी टँक सावरायचा ठरलं. जीएफओ काढलं. लाइट आठ तासांवर आणला. मॅग्नेशियम पाणी बदलत बदलत खाली येऊ दिलं. आणि खाणं वाढवलं: दिवसातून दोनदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), फॉक्सफेससाठी क्लिपला नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ.

"अहो, एवढं शेवाळ माजलंय आणि तुम्ही खायला वाढवा म्हणता?" सर खरंच धास्तावले होते.

"सर, शेवाळ आत्ताही उपाशी नाहीये. उपाशी मासे आहेत."

वहिनींनी त्याच दुपारी नोरीचं पाकीट फोडलं.

पुढच्या तीन आठवड्यांत शेवाळ वाढलं, हे खरंच आहे, पण फार नाही. नायट्रेट 4वर आलं, फॉस्फेट 0.05. झोआंची तोंडं मोठी झाली, फॉक्सफेसचं पोट भरलं. लेदर अजून मिटलेलंच होतं, पण देठ ताठ झाला होता.

मग हाताने काढणं. सुटे होणारे दगड टँकच्या पाण्याच्या बादलीत घेतले आणि तिथे घासले, दुसऱ्या बादलीत खळबळले, मग परत ठेवले. ज्या दगडावर लेदर बसलं होतं तो हलवता येत नव्हता. तिथे सायफनची नळी तुऱ्याच्या बुडाशी धरायची, दुसऱ्या हाताने उपटायचं, म्हणजे तुकडे आणि रस दोन्ही नळीतून फिल्टर सॉकमध्ये जातात. हळू काम आहे, पाठ भरून येते, पण याला दुसरा मार्ग नाही. झोआंचे प्लग बाहेर काढून हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसले. मेडिकलच्या दुकानात मिळणारी बाटली बहुधा 6 टक्क्यांची असते, तिच्यावर '20 व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. ती खारं पाणी घालून निम्मी केली, म्हणजे 3 टक्के झाली. बारीक ब्रशने फक्त शेवाळावर लावायचं, झोआंच्या तोंडांवर नाही. दोन-तीन मिनिटं बुडबुडे येऊ द्यायचे, मग टँकच्या पाण्यात धुवायचं. हे टँकच्या बाहेरच करायचं, कारण क्लीनर श्रिम्पला पेरॉक्साइड सोसत नाही.

काढलेलं शेवाळ गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून, उन्हात कडकडीत वाळवून कचऱ्यात टाकलं. सर म्हणाले, खाडी जवळच आहे, एवढ्याशाने काय होणार? त्यावर मी त्यांना कार्ल्सबॅडची गोष्ट सांगितली. ब्रायोप्सिसच्याच गणातलं कौलर्पा टॅक्सिफोलिया, टँकची शोभा म्हणून वाढवलेली त्याची जात, 1984मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसली. तेव्हा पसारा जेमतेम एक चौरस मीटरचा होता. पुढे ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरलं. जून 2000मध्ये तेच कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडच्या खाजणात, अगुआ हेडिओंडा लगूनमध्ये सापडलं, तेव्हा तिथल्या लोकांनी हयगय केली नाही. शेवाळावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं. 2006मध्ये ते संपल्याचं जाहीर झालं, तोवर खर्च सत्तर लाख डॉलरच्या आसपास गेला होता. ठाण्याच्या खाडीला आधीच कमी सोसावं लागत नाही. टँकमधलं काहीही, शेवाळाचा धागासुद्धा, तिथे जाता कामा नये.

औषध

फ्लुकोनाझोल हे माणसांचं बुरशीविरोधी औषध. बुरशीच्या पेशीचा पडदा अर्गोस्टेरॉलवर उभा असतो, ते बनवणारं विकर हे औषध अडवतं. ब्रायोप्सिस आणि डर्बेसिया त्याला बळी पडतात, मासे आणि मऊ कोरलं सहसा पडत नाहीत. चिठ्ठीशिवाय ते घेऊ नये आणि आम्ही घेतलंही नाही. ओळखीच्या पशुवैद्यांशी बोलून त्यांच्याकडून चिठ्ठी घेतली. हौशी लोकांत रुळलेलं प्रमाण लिटरला 5 मिलिग्रॅमचं. 300 लिटरला 1500 मिलिग्रॅम, म्हणजे 150च्या दहा गोळ्या. इथे टँकच्या काचेच्या मापाने नाही, खऱ्या पाण्याच्या मापाने हिशेब करायचा.

गोळ्या खलात कुटल्या. पूड पटकन विरघळत नाही, म्हणून सम्पमधलंच पाणी घेऊन ढवळत ढवळत, रिटर्न पंपापाशी थोडी थोडी सोडली. त्याआधी पाण्यातलं शोषून घेणारं कार्बन काढलं, यूव्ही दिवा बंद केला. फेसातून घाण काढणारा स्किमर चालू ठेवला पण त्याचा कप काढून, म्हणजे हवा मिसळत राहील आणि औषध बाहेर पडणार नाही. एक एअर पंप जास्तीचा लावला. औषधापेक्षा ऑक्सिजनची काळजी जास्त घ्यायची असते: उन्हाळ्यात पाणी 28 अंशांवर, त्यात मरणारं शेवाळ कुजतंय, आणि रात्री वीज गेली तर मासे सकाळ बघत नाहीत. सरांनी बॅटरीवर चालणारा पंप आणून ठेवला.

पहिले चार दिवस काहीच दिसलं नाही. पाचव्या दिवशी वहिनींनी फोटो पाठवला: टोकांचा हिरवा रंग राखाडी पडलेला. दहाव्या दिवशी तुरे पारदर्शक, आतली हिरवी नळी रिकामी झाल्यासारखी. दोन आठवड्यांनी मागच्या दगडावर पांढुरके धागे लोंबत होते आणि सायफन नुसता जवळ नेला तरी सुटत होते. श्रिम्प ठीक, टर्बो मॅग्नेशियम उतरल्यापासूनच फिरायला लागले होते. औषधाच्या काळात पाणी बदललं नाही. दोन आठवडे झाल्यावर आधी ताजं कार्बन काही दिवस चालवलं आणि मगच पाणी बदललं. हे औषध दवाखान्यात माणसांना लागतं. ते बादलीने गटारात ओतून बुरशीला त्याची सवय लावण्यात आपला वाटा नको.

नंतरचे आठवडे

मेलेल्या शेवाळाने खाल्लेलं सगळं परत दिलं. नायट्रेट 14, फॉस्फेट 0.21. सर पुन्हा जीएफओची पिशवी घेऊन उभे. या वेळी दोनच चमचे घातले, दर आठवड्याला मोजत राहिलो, फॉस्फेट सावकाश उतरू दिलं. ते झपाट्याने पाडलं तर कोरलांना धक्का बसतो, आणि शून्याला टेकलं तर डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांना मोकळं रान मिळतं. ते संकट ब्रायोप्सिसपेक्षा वाईट.

वाळूवर लाल सायनोचा, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचा थर आला. मोकळी जागा आणि पाण्यात भरपूर खाणं, असं दोन्ही असलं की तो बहुधा येतोच. त्यावर औषध घातलं नाही. पाणी बदलताना सायफनने ओढला, एका वेव्हमेकरची दिशा खाली वळवली. थर येत-जात राहिला आणि मग आलाच नाही. दगडांवर जांभळट कोरलाइनचे, म्हणजे चुनखडी जमवणाऱ्या कडक शेवाळाचे ठिपके दिसू लागले. लेदरने अंगावरची मेणचट कात टाकली, दोन दिवस पाण्यात तिचे तुकडे तरंगत होते, आणि त्यानंतर त्याची बोटं पूर्ण बाहेर आली. वहिनींनी त्या दिवशी फोन करून फक्त "उघडलं!" एवढंच सांगितलं.

दोन महिन्यांनी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी सम्पमध्ये उतरतं तिथल्या फणीच्या मागच्या बाजूला एक तुरा सापडला, नखाएवढा. पुन्हा औषध घालायचं का, यावर बराच वेळ बोलणं झालं. मी नको म्हटलं. फणी निघते, ती बाहेर काढून पेरॉक्साइडने धुतली, उन्हात वाळवली, आणि बसवण्यापूर्वी ती खाच टॉर्चने पाहिली. संपूर्ण टँकला पुन्हा औषध देण्याइतकं ते कारण नव्हतं.

सध्या नायट्रेट 8, फॉस्फेट 0.07च्या आसपास राहतं आणि सर ते आकडे शून्याकडे ढकलत नाहीत. नवा फ्रॅग आला तर त्याचा प्लग कापून टाकतात, झोआ नव्या कोऱ्या प्लगवर चिकटवतात आणि सहा आठवडे वीस लिटरच्या वेगळ्या टबमध्ये, लाइटखाली ठेवतात. लाइट मुद्दाम, अंधारात दडलेलं शेवाळ उगवणार नाही आणि दिसणारही नाही. मित्राच्या टँकचेही सुटे दगड आता त्याच पद्धतीने बादलीत घासायचं चाललं आहे, आणि त्याच्या टँकमध्ये दगडी कोरल नाही ना, हे आधी विचारून घेतलं आहे.